रांगत्या मिस्त्रींच्या चौदा कड्या

कल्पना करा, तुम्हाला तुमचंच घर तपासायचं आहे आणि अट एकच आहे: उभं राहायचं नाही. गुडघे टेका, तळहात टेका आणि दारापासून सुरुवात करा. पहिल्या पाच फुटांतच लक्षात येईल की हे घर तुम्ही कधी पाहिलेलंच नाही. टेबलाचा जो कोपरा इतकी वर्षं तुमच्या मांडीला फार तर एखादा निळा डाग देत होता, तो आता बरोबर भुवईसमोर आहे. सोफ्याखाली पेनाचं टोपण आहे, एक सुकलेला वाटाणा आहे आणि मागच्या वर्षी हरवलेलं रिमोटचं झाकण आहे. झाकण इथे, मग आतला नाण्याएवढा चपटा सेल कुठे गेला? भिंतीतला प्लग पॉइंट दोन डोळे वटारून बोटाची वाट बघतो आहे. पडद्याची दोरी बरोबर गळ्याच्या उंचीवर लोंबते आहे. वर टेबलावर गरम चहाचा कप आहे, तो तुम्हाला दिसत नाही. टेबलक्लॉथचं टोक मात्र अगदी हाताशी आहे.

आता कल्पना करा, हे तुम्ही परक्याच्या घरी करताय. वय अठ्ठावन्न, कानावर पेन्सिल, आणि घरातली माणसं दाराशी उभी राहून तुमच्याकडे वरून बघतायत, हसावं की पाणी विचारावं हे त्यांना ठरवता येत नाहीये.

हे काम जे करतात त्यांना 'रांगते मिस्त्री' म्हणतात. नाव ठेवलं एका चार वर्षांच्या गिऱ्हाइकानं. "आई, या मिस्त्रींना चालता येत नाही का?" असं त्यानं भर घरात विचारलं, आईनं ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं सगळ्या इमारतीला सांगितलं, आणि आठ दिवसांत फोन येऊ लागले, "ते रांगते मिस्त्री तुम्हीच का?" मिस्त्रींना नाव मुळीच आवडलं नव्हतं. त्यांच्या बायकोला फार आवडलं.

मिस्त्रींची पद्धत ठरलेली. पहिल्या फेरीला हत्यार नाही. हत्यारांची पेटी दाराबाहेर, चपलांशेजारी. खिशात फक्त एक छोटी बॅटरी आणि पुठ्ठ्याची एक आखूड नळी, व्यास पावणेदोन इंच. जमिनीवर जे सापडेल ते नळीत टाकून बघायचं. आरपार पडलं तर ते लहान मुलाच्या घशात अडकू शकतं. मग ते उचलून मालकाच्या हातावर ठेवायचं, भाषण न करता. एका घरात मालकाची ओंजळ भरली तेव्हा तो म्हणाला, "मिस्त्री, आम्ही रोज झाडतो हो." मिस्त्री सोफ्याखालून म्हणाले, "झाडू उभ्यानं मारता ना?"

मुळात ते कपाटांचे मिस्त्री. तीस वर्षं त्यांनी कपाटं केली आणि ती कपाटं गुळगुळीत होती. खण असा की एका बोटानं ओढावा. त्या गुळगुळीतपणाचा त्यांना फार अभिमान होता, आणि तोच एकदा अंगावर आला. एका घरी त्यांनी केलेलं पुस्तकांचं कपाट, वर फळ्या आणि खाली चार खण. त्या घरातल्या दोन वर्षांच्या मुलीनं चारही खण उघडले आणि त्यांचा जिना करून ती वर चढली. कपाट पुढे झुकलं आणि समोरच्या सोफ्याच्या हातावर अडकलं. मुलगी खालच्या त्रिकोणात सुखरूप, अंगावर सहा पुस्तकं, आणि हसत होती. मिस्त्री दुसऱ्या दिवशी ते बघायला गेले. कपाटाला ओरखडासुद्धा नव्हता. सांधे पक्के, पॉलिश तसंच. फक्त कपाट आणि भिंत यांच्यामध्ये जो दोन स्क्रूंचा लोखंडी अँगल हवा होता, तो नव्हता. तो लावायचं त्यांना तीस वर्षांत कधी सुचलंच नव्हतं, कारण कपाट कधी चढायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने ते जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी न बोलावता जात होते. दार उघडलं की म्हणायचे, "तुमच्या कपाटाला भिंतीशी बांधायला आलोय." काहींनी दार लावून घेतलं. काहींना वाटलं, मिस्त्री काहीतरी विकायला आलेत. एका म्हाताऱ्या मास्तरांनी शांतपणे विचारलं, "बांधता कशाला?"

"लहान मूल चढलं तर पडू नये म्हणून."

"या घरात सगळ्यात लहान मीच आहे, वय एकाहत्तर. तरी बांधून जा. माझा काही भरवसा नाही."

असं करता करता एकानं विचारलं की आलाच आहात तर जिन्याला फाटक लावाल का, दुसऱ्यानं खिडकीचं विचारलं, आणि कपाटांचे मिस्त्री रांगायला लागले.

नव्या घरात गेलं की त्यांची गाठ हटकून कुणातरी आजींशी पडते. मागच्याच महिन्यातली गोष्ट. मिस्त्री स्वयंपाकघरात ओट्याखाली डोकं घालून बसलेले, आणि मागून आवाज आला, "आम्ही पाच पोरं वाढवली. कुठे एक कडी लावली नाही की फाटक लावलं नाही."

मिस्त्रींनी डोकं बाहेर काढलं. "पाचांमागे घरात किती माणसं होती, आजी?"

"दहा-अकरा तर होतोच."

"मग तुमच्याकडे अकरा कड्या होत्या, त्यासुद्धा चालत्याबोलत्या. इथे एका मुलामागे दोन माणसं आणि तीन फोन आहेत."

आजी हसल्या नाहीत, पण हातातली काठी सोफ्याला टेकवून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "त्या फ्रिजमागे बघा. तिकडे तो रोज जातो. हिला ठाऊक नाही." 'हिला' म्हणजे सुनेला. सून तिथेच उभी होती.

कडीबद्दल मिस्त्रींचं एक म्हणणं असतं आणि ते प्रत्येक बापाला सांगून जातात, कारण कडी लागली की बाप निर्धास्त होतो असा त्यांचा अनुभव आहे. "कडीनं मूल थांबत नाही, त्याला उशीर होतो. तेवढ्या उशिरात तुम्ही पोचायचं. म्हणून औषध, फिनेल, सुई-कात्री असलं काही कडीच्या भरवशावर खाली ठेवायचं नाही. ते तुमच्या डोक्याच्या वर. खाली ठेवायची भांडी."

सांगायचं कारण, हे सगळं त्यांना पाठ होतं.

*

मिस्त्रींची एकुलती एक मुलगी नर्स आहे, तीही लहान मुलांच्या तातडीच्या विभागात. मिस्त्री जे होऊ नये म्हणून रांगतात, ते झाल्यावर मुलं जिथे येतात तिथे ती उभी असते. बापलेकीचं त्यामुळे छान जमतं आणि अजिबात जमत नाही.

तिची मुलगी सतरा महिन्यांची. तिला घरात मुंगी म्हणतात, कारण ती कुठून आली ते कळत नाही, पण आपण काहीही सांडलं की तिथे ती आधी पोचलेली असते. मुंगीच्या आईची रजा संपत आली होती. जावई आठवड्यातले चार दिवस कामासाठी बाहेरगावी. सोमवारपासून दिवसभर मुंगीला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता, आणि मिस्त्रींच्या मते हा प्रश्नच नव्हता.

मंगळवारी मुलगी आली. मुंगीला तिनं खाली सोडलं आणि पर्स खाली ठेवायच्या आत परत उचललं.

"बाबा, हॉस्पिटलशेजारच्या पाळणाघरात एक जागा रिकामी आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"कळव की. नको म्हणून कळव."

"तेच बघायला आलेय."

"बघायचं काय त्यात? आजी-आजोबा घरात असताना पोरगी परक्या ठिकाणी?"

"बाबा, मला तुमच्या मायेची शंका नाही. मला तुमच्या घराची शंका आहे."

मिस्त्री उभे राहिले. "मी साडेतीनशे घरं केलीत."

"हो. त्यातलं हे कितवं?"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "दिव्याखाली अंधार," आणि कुकरची शिट्टी झाली.

खरंच होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एका खोलीत बायकोचं शिलाईचं मशीन, त्याला पाच खण, त्यांत सुया, टाचण्या, कात्र्या, हूक, बटणं आणि कुणाकुणाचे अर्धवट शिवलेले कपडे. बाल्कनीत मिस्त्रींचं काम करायचं टेबल, खाली पटाश्या आणि स्क्रूंचे डबे. वीस वर्षं त्या घरात लहान कुणी राहिलंच नव्हतं. मुंगी रविवारी यायची ती कुणाच्यातरी कडेवर आणि जायची तीही कडेवर.

मुलगी म्हणाली, "शनिवारी चारला येते. तुम्ही दुसऱ्यांची घरं तपासता तसंच तपासणार. घर पास झालं तर पाळणाघराला नाही म्हणते. नापास झालं तर तोंड पाडायचं नाही."

"आणि तोवर?"

"तोवर सकाळी तीन तास हिला इथे सोडते. मला कामावरच्या कागदपत्रांच्या चकरा आहेत. आईच्या नजरेखाली राहू दे."

मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी स्वतःच्या घरात रांगायला सुरुवात केली. बायको मशीनवर बसली होती. मिस्त्री मशीनखाली पोचले तेव्हा तिनं पाय वर घेतले.

"काही सापडलं?"

"सात टाचण्या, दोन हूक, आणि तू म्हणालीस धुण्यात गेलं ते कानातलं."

"बघू," म्हणून तिनं कानातलं घेतलं आणि पाय परत खाली सोडले. "तुम्ही आधीच रांगला असतात तर बरं झालं असतं. चार वर्षं शोधत होते."

बुधवारी पटाश्या माळ्यावर गेल्या. कपाटं भिंतीला बांधली गेली. बाल्कनीच्या गजांमध्ये मिस्त्रींनी जाळी ताणली, खिडकीखालचा पलंग समोरच्या भिंतीला सरकवला, पडद्याच्या दोऱ्या वर गुंडाळल्या. सुया, टाचण्या आणि कात्र्या बायकोनं कुरकुरत वरच्या फळीवर ठेवल्या. "मला आता सुई हवी तर स्टूल घ्यायचं. मी पडले तर कोण तपासणार?" राहिला बटणांचा पत्र्याचा डबा. तो मशीनच्या मधल्या खणात असायचा.

"हाही वर," मिस्त्री म्हणाले.

"बटणं काय चावतात? दिवसातून वीस वेळा लागतात मला. कडी लावा की खणाला. कड्याच तर लावता तुम्ही लोकांकडे."

मिस्त्रींच्या खिशात नळी होती. ती काढून एक बटण त्यातून सोडून दाखवलं असतं की झालं असतं. दुसऱ्या कुठल्याही घरात त्यांनी ते केलं असतं. पण सकाळपासून बायकोचं चौथं सामान ते हलवत होते, आणि साडेतीनशे घरांत एकही मालकीण त्यांना रोज दोन वेळा जेवायला वाढत नव्हती. त्यांनी खणाला कडी लावली.

एकूण कड्या चौदा. ही कडी बाहेरून दिसत नाही. खण बोटभर उघडतो आणि अडतो. मग फटीतून अंगठा घालून आतली प्लास्टिकची जीभ खाली दाबायची, आणि ती दाबून धरूनच खण ओढायचा. दोन गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात, आणि लहान मुलाचा अंगठा तेवढा जोर लावू शकत नाही. सोडताना 'टक' असा आवाज येतो. मिस्त्रींचा नियम असा की बसवलेली प्रत्येक कडी वीस वेळा उघडून-लावून बघायची. एकोणीसला अडली तरी काढून परत बसवायची.

आणि हे सगळं चालू असताना मुंगी त्यांच्या मांडीवर होती.

ती दुसरीकडे बसायलाच तयार नव्हती. मिस्त्रींनाही ते नको होतं असं नाही. स्क्रू पिळताना ती त्यांच्या कानावरची पेन्सिल काढायची, मिस्त्री ती परत खोचायचे. मग कडी तपासायची वेळ आली की मिस्त्री अगदी गिऱ्हाइकाला सांगावं तसं तिला सांगायचे, "हे बघ. असं दाबायचं. असं ओढायचं. टक. आता तू ओढ. नाही उघडत ना? नाहीच उघडणार." मुंगी खण ओढायची, खण अडायचा, मुंगी मिस्त्रींकडे बघायची. मिस्त्रींना इतकं समाधान वाटायचं की ते एकविसाव्यांदा करून दाखवायचे.

"टक," मुंगी म्हणायची.

"अगं, ऐकलंस का, टक म्हणाली," मिस्त्री बायकोला सांगायचे.

"ऐकलं. ती 'आजी' कधी म्हणते तेवढं बघा."

शुक्रवारी दुपारी चौदावी कडी लागली.

*

शनिवारी चारला मुलगी आली ती जुनी पँट घालून. पर्स उंच खुंटीला लावली, केस बांधले, गुडघे टेकले. मिस्त्रींनी पुठ्ठ्याची नळी तिच्या हातात दिली. एका मिस्त्रीनं दुसऱ्या मिस्त्रीला पटाशी द्यावी तशी. ते स्वतः दाराशी उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांना कळलं की वरून बघताना माणसाला किती कसंतरी होतं.

तिनं काहीही सोडलं नाही. बाल्कनीच्या जाळीवर सगळं वजन टाकून बघितलं. कपाटाचे चारही खण उघडून त्यांवर हात दाबून उभी राहिली, कपाट हललं नाही. नळाचं गरम पाणी मनगटावर घेतलं. सोफ्याखाली पोटावर झोपून गेली आणि बाहेर आली ती रिकाम्या हातानं. मिस्त्री तिच्या मागून फिरत होते आणि दर दोन मिनिटांनी काहीतरी सांगायला जात होते. बायकोनं त्यांच्या शर्टाची बाही धरून ठेवली होती.

"कड्या?" मुलीनं विचारलं.

"चौदा. प्रत्येक वीस वेळा."

तिनं तीन ओढून बघितल्या. तिन्ही अडल्या. ती उठली, गुडघे झटकले आणि पहिल्यांदा हसली. "बाबा, खरं सांगू? मला वाटलं नव्हतं."

"साडेतीनशे घरं," मिस्त्री म्हणाले.

"कळलं हो."

चहा ठेवला गेला. मुलगी ओट्याला टेकून उभी होती, पाळणाघराचा नंबर शोधत होती. मिस्त्रींनी विषय सोमवारवर आणला होता: मुंगी किती वाजता जेवते, झोपते कधी, वरण मऊ लागतं का. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

टक.

मग काही क्षणांनी परत, टक.

तिघंही एकमेकांकडे बघत राहिले, कारण तिघंही स्वयंपाकघरात होते.

मुंगी दारात आली. गाल फुगलेला. मुलगी धावली नाही, ओरडली नाही. ती खाली बसली, मुंगीच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि म्हणाली, "आ." नेहमीच्या आवाजात. मुंगीनं आ केलं. जिभेच्या टोकावर कोटाचं एक निळं बटण होतं. मुलीनं ते दोन बोटांनी उचललं, मुंगीला जवळ घेतलं आणि तशीच बसून राहिली. चहा उतू गेला. गॅस कुणी बंद केला हे नंतर कुणालाच आठवलं नाही.

"कुठून काढलंस?" जरा वेळानं मुलीनं विचारलं. "दाखव बरं."

मुंगी उतरली आणि चालू लागली. मशीनपाशी गेली. मधला खण दोन्ही हातांनी बोटभर ओढला, तो अडला. मग तिनं दोन्ही अंगठे फटीत घातले, एकावर एक, आणि मागे रेलली. सगळं अंग मागे टाकलं. एका अंगठ्यात जो जोर नव्हता तो दोन अंगठे आणि साडेदहा किलो वजन मिळून झाला. आणि हे करताना ती गंभीर चेहऱ्यानं म्हणत होती, "ए बघ. नाई उगत ना? नाई उगत."

टक. खण उघडला. आत पत्र्याचा डबा, झाकण बाजूला.

मग तिनं खण लावला, तोही नीट. आणि शेजारच्या कपाटाकडे वळली.

"नाई उगत ना?" टक.

तिला कुणी थांबवलं नाही. मुलगी मागून चालत होती, मिस्त्री तिच्या मागून, बायको त्यांच्या मागून. मुंगी ज्या क्रमानं कड्या बसल्या होत्या साधारण त्याच क्रमानं घरभर फिरली. प्रत्येक ठिकाणी आजोबांचं वाक्य म्हणायची, उघडायची, लावायची आणि वर बघायची. दोनदा तिनं स्वतःच्या कानावर हात नेला, तिथे नसलेली पेन्सिल चाचपायला. शेवटी बायकोला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबावा तसा तिनं हातातला टॉवेल कोंबला.

"अहो, तुम्ही तिच्यापासून घर नाही हो वाचवलंत," ती कसंबसं म्हणाली. "तुम्ही तिला धंद्याला लावलंत."

मुलगी हसत नव्हती, पण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते ते रागानंच असं खात्रीनं सांगता येत नव्हतं.

"चौदापैकी अकरा," ती म्हणाली. "तीन दिवसांत. बाबा, तुम्ही तिला तीन दिवस वर्ग घेतलात."

मिस्त्री पलंगावर बसले. मुंगी लगेच त्यांच्या मांडीवर चढली. त्यांनी खिशातून नळी काढायला हात घातला, मग आठवलं की ती मुलीकडे आहे. "जरा दे," ते म्हणाले. निळं बटण नळीत सोडलं. ते भिंतींना न शिवता आरपार पडलं आणि त्यांच्या पायाशी गोल फिरून आडवं झालं.

"आई म्हणाली म्हणून तो डबा खाली राहिला का?" मुलीनं विचारलं.

बायकोचं हसू थांबलं. ती काही बोलणार तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "नाही. मी राहू दिला म्हणून राहिला. लोकांकडे मी कुणाचं ऐकत नाही." मग म्हणाले, "नापास. फोन कर पाळणाघराला. हो म्हणून सांग."

मुलीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. ती भांडायची तयारी करून आली होती आणि आता समोर भांडायला कुणी उरलं नव्हतं.

"तो डबा वर गेला की झालं, बाबा. बाकी घर चांगलं आहे. मी पास करत होते."

"तू पास करत होतीस कारण कड्या तू ओढून बघितल्यास. मोठ्या माणसानं. मीही तसंच बघत आलो. साडेतीनशे घरं." त्यांनी मुंगीच्या डोक्यावरचे केस सारखे केले. "आधी घर परत करतो. कडी नाही असं समजून करतो. मग ये तू."

"तीन आठवडे," मुलगी म्हणाली. "तीन आठवड्यांनी परत तपासते. तोवर पाळणाघर. पण संध्याकाळी तिला आणायला तुम्ही जायचं. मला पाचच्या आत निघता येत नाही."

"चारला गेलो तर चालेल?"

"पाळणाघर साडेचारला सोडतं."

"चारला जाऊन उभा राहीन. तिथला जिना कसा आहे बघायचाच आहे."

"बाबा, तिथे रांगायचं नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

फोन झाला. मुंगी घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री उठले तेव्हा बटणांचा डबा माळ्यावर होता आणि स्टूल भिंतीशी. मिस्त्रींनी खालचा सगळा मजला, म्हणजे गुडघ्यापासून खालचं घर, रिकामं करायला घेतलं. खाली फक्त भांडी, चादरी आणि जुनी वर्तमानपत्रं. कड्या तशाच ठेवल्या, पण आता त्यांच्या मागे राखण्यासारखं काही नव्हतं. जुन्या गिऱ्हाइकांच्या यादीवरही त्यांनी खुणा केल्या. ज्यांच्याकडे कडी तपासताना मूल खोलीत होतं त्या घरी परत जायचं होतं. यादी मोठी निघाली. खरं म्हणजे मूल खोलीत नव्हतं असं घर आठवेना.

पण ते सगळं करताना त्यांच्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. मंगळवारी दुपारी त्यांनी मुलीला फोन लावला. ती जेवायच्या सुट्टीत होती.

"मुंगी ठीक आहे, बाबा. आत्ताच विचारलं पाळणाघरात. जेवली, झोपली."

"ते कळलं. मी दुसऱ्यासाठी फोन केलाय. त्या तीन कड्या."

"कोणत्या तीन?"

"चौदापैकी अकरा उघडल्या ना? तीन राहिल्या. त्यांच्यासमोरून ती सरळ पुढे गेली, हातसुद्धा लावला नाही. मी विचार करतोय की त्या तिला येत नव्हत्या, की नको होत्या? येत नसतील तर त्या तीनमध्ये असं काय आहे ते मला बाकीच्यांत घालता येईल."

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं. मुलगी खाता खाता विचार करत होती. "त्या बसवल्यात तेव्हा ती झोपली असेल. म्हणून शिकली नाही."

"दोन बसवल्या तेव्हा झोपली होती. ओट्याखालची आणि चपलांच्या कपाटाची. बरोबर. पण तिसरी बसवली तेव्हा मांडीवर होती. वीस वेळा दाखवलीय मी."

"तिसरी कुठली?"

"पलंगाच्या पायाशी जे छोटं कपाट आहे त्याची."

"त्यात काय ठेवलंय?"

"आता काहीच नाही. तिला दाखवलं तेव्हा चादरी होत्या, शुक्रवारी रात्री मी त्या काढल्या. रिकामं आहे."

"मग झालं तर. रिकामं आहे म्हणून सोडून दिलं असेल तिनं."

"हो, तेही मी धरलं," मिस्त्री म्हणाले. ते त्याच कपाटासमोर गुडघ्यांवर बसले होते, फोन खांद्यानं कानाशी दाबून, फटीत अंगठा घालून. "पण ते रिकामं आहे, हे तिला न उघडता कळलं कसं?"